ओडेल तलावावर कोकनीसाठी जिगिंग: हात हलवण्याच्या आधीचं आणि नंतरचं

आधी तुमचा प्रश्न. जुलैच्या सुरुवातीला तुम्ही ओरेगनमधल्या ओडेल तलावावर गेलात. फिशफाइंडरवर, म्हणजे पाण्याखालचे मासे स्क्रीनवर दाखवणाऱ्या यंत्रावर, सत्तर-ऐंशी फुटांवर कोकनी मासे दिसत होते. दोन औंसांचं जिग, म्हणजे गरी लावलेला धातूचा तुकडा, खाली सोडून तुम्ही सकाळभर रॉड झटकलात. जे थोडे मासे लागले, त्यांतले बहुतेक बोटीच्या कडेला येऊन सुटले. पलीकडच्या बोटीतली मंडळी मात्र एकाच जागी बसून एकामागून एक मासे काढत होती. तुम्ही विचारलंय की जिग कोणतं घ्यावं, हात कसा हलवावा, मासे सुटतात का, आणि ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन पुन्हा जावं का.

शेवटच्याचं उत्तर ‘हो, जरूर’. बाकीच्यांचा क्रम मी बदलतो. जिग आणि हात या दोन गोष्टी सगळे आधी विचारतात, आणि खरं तर त्यांचा नंबर शेवटी लागतो. पलीकडच्या बोटीत तुमच्यापेक्षा भारी जिग असण्याची शक्यता कमी. ती बोट थव्याच्या बरोबर डोक्यावर होती आणि तिथून हलत नव्हती, एवढंच.

याचं कारण माशाच्या स्वभावात आहे. कोकनी म्हणजे समुद्रात न जाणारा सॉकाय सामन. आयुष्यभर गोड्या तलावात राहते, आणि तिचं मुख्य खाणं म्हणजे डॅफ्नियासारखे डोळ्याला जेमतेम दिसणारे प्लवक. कल्ल्यांमधल्या बारीक दातेरी गाळणीतून ती ते टिपते. म्हणजे ही काही दुसऱ्या माशाच्या मागे धावणारी शिकारी जात नव्हे. तुमच्या धातूच्या तुकड्याला ती भुकेने तोंड लावत नाही. थव्यात काहीतरी परकं चमकत घुसलं, त्याची चीड किंवा चौकशी म्हणून लावते. आणि चिडायला ते तिच्या नाकासमोर यावं लागतं. वीस फूट लांब फडफडणाऱ्या जिगकडे ती ढुंकूनही पाहत नाही.

त्यामुळे मासे विखुरलेले असतील तेव्हा ट्रोलिंग करावं, म्हणजे बोट चालवत आमिष माशांपर्यंत न्यावं. मासे एका जागी दाटले की जिगिंग, म्हणजे बोट एका जागी ठेवून जिग सरळ खाली सोडून हलवणं. मे-जूनमध्ये पाणी थंड असतं, कोकनी वरच्या थरात पांगलेली असते, तेव्हा जिग सोडून बसणं म्हणजे वेळ घालवणं. उन्हाळा चढला की वरचं पाणी तापतं. कोकनीला साधारण 50 ते 55 अंश फॅरनहाइट, म्हणजे 10 ते 13 सेल्सिअस पाणी मानवतं. तेवढ्या थंडाव्यासाठी ती खाली जाते आणि थवे घट्ट होत जातात. तुम्ही गेलात तो काळ नेमका मधला होता. जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टभर परिस्थिती बरीच बरी असते.

दिवसातल्या वेळेबद्दलही एक गैरसमज आहे. झुंजुमुंजूला पोचलं की काम फत्ते, असं ऐकायला मिळतं. ट्रोलिंगसाठी ते खरं आहे. पण कोकनी रात्री प्लवकांमागे वर येऊन पांगते आणि उजेड वाढला की पुन्हा एकत्र होऊन खाली उतरते. म्हणून जिगिंगला सूर्य जरा वर आलेला चालतो, किंबहुना मला तो आवडतोच. अडचण वाऱ्याची असते. ओडेल तलाव विलामेट खिंडीच्या तोंडाशी, महामार्ग 58 ला लागून, साधारण 4,800 फूट उंचीवर आहे. हिमनदीने कोरलेला, लांबट आणि 282 फूट खोल. दुपारकडे खिंडीतून पश्चिमेचा वारा सुटला की तो तलावाची सगळी लांबी धरून येतो आणि लाटा बघता बघता उभ्या राहतात. म्हणजे तुमच्या हातात उजाडल्यानंतरचे काही तासच असतात. ते मासे शोधण्यात आणि मग जागा धरण्यात खर्च करा.

आता फिशफाइंडर. स्क्रीनवर मासा दिसला म्हणजे तो बोटीखाली आहे, हे गृहीत धरू नका. ध्वनिलहरींचा 20 अंशांचा शंकू खाली सोडणारं यंत्र 80 फुटांवर सुमारे 28 फूट रुंदीचं वर्तुळ बघतं. त्या वर्तुळात मासा कुठेही असू शकतो. शिवाय स्क्रीनच्या अगदी उजव्या कडेला जे उमटतं तेवढंच ‘आत्ता’चं. डावीकडचं सगळं मघाचं, मागे पडलेलं. ट्रोलिंग करणाऱ्याला याने फरक पडत नाही, जिगिंग करणाऱ्याला पडतो. माशांची चित्रं दाखवणारी सोय बंद करा, ती तरंगत्या काडीकचऱ्यालाही मासा म्हणते. संवेदनशीलता एवढी वाढवा की स्वतःचं जिग बारीक रेघेसारखं उतरताना दिसेल. ही रेघ दिसत नाही तोवर तुम्ही आंधळे आहात.

कोकनीचा थवा तळापासून सुटलेला, मधल्या पाण्यात लटकलेला, गच्च पुंजक्यासारखा दिसतो. त्याखाली किंवा कडेला दोन-चार जाड, एकटी कमान दिसली तर ते बहुधा लेक ट्राउट, कोकनीवरच पोसणारे. ते आत शिरले की थवा फुटतो आणि मिनिटापूर्वी भरलेली स्क्रीन रिकामी होते. तुमची चूक काही नसते, थोडं थांबायचं. असा पुंजका सापडेपर्यंत मात्र जिग पाण्यात सोडायचंच नाही. अर्धा तास नुसतं फिरणं जिवावर येतं, पण जो फिरतो त्याचा डबा भरतो.

सापडला की तिथे टिकायचं कसं? बोट ताशी एक मैल वेगाने वाहत असेल तर मिनिटाला 88 फूट सरकते. म्हणजे जिग खाली पोचेपर्यंत तुम्ही थव्याच्या पार झालेले असता. तुमचं मुख्य दुखणं हेच असावं असा माझा अंदाज आहे, कारण तुम्ही नांगराचा उल्लेखच केलेला नाही. जागा धरून ठेवणारी जीपीएसवाली विजेची मोटर असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर नांगर, आणि खोलीच्या दुप्पट-तिप्पट दोर. नांगर नाळेकडूनच, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडूनच बांधायचा. मागून बांधलेल्या बोटीत वाऱ्याच्या लाटा थेट आत येतात, आणि ऑगस्टमध्येही त्या पाण्यात पडणं गमतीचं नाही. दोन्ही नसेल तर थव्याची जागा जीपीएसवर खुणावून वाऱ्याच्या वरच्या अंगाने पुन्हा पुन्हा त्यावरून वाहत यायचं. चालतं, पण कष्टाचं आहे.

एक बारीक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. जागा धरणारी ती विजेची मोटर नाळेला असते आणि फिशफाइंडरचा सेन्सर मागच्या बाजूला. म्हणजे स्क्रीनवर दिसतो तो मागच्या टोकाखालचा मासा. तेव्हा जिगही मागूनच सोडा.

मग खोली. जिग थव्याच्या तीन ते पाच फूट वर थांबवायचं. कोकनी वर उठून घेते, खाली जाऊन क्वचितच. थव्याच्या खाली गेलेलं जिग वाया गेलं म्हणून समजा. दर दहा फुटांना रंग बदलणारी ब्रेड, म्हणजे विणलेली, दोरी मिळते, ती घ्या आणि रंग मोजत सोडा. दोरी तिरकी जात असेल तर हिशेब चुकतो. 80 फूट दोरी सोडलीत आणि ती 30 अंश कलली, तर जिग प्रत्यक्षात 69 फुटांवर असतं. अकरा फुटांचा फरक म्हणजे थवा राहिला कुठल्या कुठे. दोरी कलू लागली की आधी बोट सावरायची. आणखी दोरी सोडून भरपाई करणाऱ्याची दोरी शेवटी शेजाऱ्याच्या दोरीत गुंतते.

सामानावर फार लिहीत नाही. साडेसहा-सात फुटांचा, शेंडा चपळ पण बुंधा नरम असलेला रॉड. 10 ते 15 पौंडी ब्रेड, आणि तिच्या पुढे सहा-आठ फूट 8 किंवा 10 पौंडी फ्लोरोकार्बनचा तंगूस. ब्रेड ताणत नाही म्हणून ऐंशी फुटांवरचा नाजूक स्पर्श हाताला कळतो. पुढचा तंगूस जरा ताणतो म्हणून माशाचं तोंड फाटत नाही. नुसत्या तंगसावर इतक्या खोलीवर काहीच जाणवत नाही, तो प्रयोग करू नका.

जिगचं वजन मात्र तुमच्या बाबतीत बदलायला हवं. कोकनीचा आकार तलावात मासे किती आणि प्लवक किती यावर ठरतो. ओरेगनच्याच वॅलोवा तलावात 2010 मध्ये सुमारे 4.4 किलोची कोकनी निघाली, तो तेव्हाचा जागतिक विक्रम. ओडेलमध्ये संख्या भरपूर, त्यामुळे मासा बहुधा फूटभर किंवा त्याहून लहान. त्याच्या तोंडासाठी दोन औंस म्हणजे धोंडा. वारा नसेल तर एक औंस पुरतं, दीड औंस ही माझी वरची हद्द. गुलाबी, नारिंगी, पांढरा हे रंग चालतात. पण त्या खोलीवर लाल-नारिंगीचा रंग पाण्यातच विरतो, म्हणून मी अंधारात चमकणारा लेप असलेलं जिग पसंत करतो आणि टॉर्चने अधूनमधून ते उजळून घेतो. रंगांवरून बोटीत वाद घालायला मजा येते, त्यापलीकडे त्याला फार महत्त्व देऊ नका.

आता हात. तुमच्या वर्णनात ‘झटकलात’ हा शब्द आहे, आणि तिथेच गडबड आहे. मोठमोठे झटके दिल्याने जिग थव्यातून पाच-सहा फूट वर उडतं, मासे बिचकतात, आणि तुमचा खांदा तेवढा दुखतो. उचल सहा इंचांची असावी, फार तर फूट-दीड फुटाची. मनगटाने, नेटकी. खरी करामत उचलीनंतर आहे. कोकनी जिगला जवळजवळ नेहमी ते पडत असताना तोंड लावते. म्हणून जिग मोकळं, गिरक्या घेत पडलं पाहिजे, आणि त्याच वेळी दोरी इतकी सैल पडता कामा नये की स्पर्श कळणारच नाही. पतंगाला ढील देतानाही मांजा बोटाला लागलेला असतो ना, तसं. रॉडचा शेंडा जिगच्या पडण्याच्या गतीनेच खाली आणायचा, त्याहून भरभर नाही आणि सावकाशही नाही. सावकाश आणलात तर जिग दोरीला टांगून सरळ उतरतं, गिरकी मरते. भरभर आणलात तर दोरीची वेटोळी पाण्यावर पडतात आणि मासा तोंड लावून सोडूनही देतो, तुम्हाला पत्ता नसतो.

पडल्यावर तीन-चार सेकंद निश्चल ठेवा. नवशिक्याला हा थांबा नकोसा होतो. पण कित्येक मासे याच वेळी येतात. मग पुन्हा उचल. दोन सारख्या उचलींनंतर एक बारीक थरथर देऊन बघा. थवा स्क्रीनवर वर सरकला तर रीळचे दोन-तीन वेढे घ्या. मासे जिगच्या रेघेकडे उठतात आणि परत फिरतात असं दिसलं, तर जिग हळूहळू वर काढत न्या. पळणारी वस्तू बघून त्यांना कधीकधी चेव येतो.

तोंड लागलं हे हाताआधी डोळ्यांना कळतं. पाण्यात शिरणाऱ्या दोरीवर नजर ठेवा. जिग अजून पडत असायला हवं होतं आणि दोरी मधेच थांबली, तर मासा. दोरी एकाएकी सैल पडली तरी मासा, कारण त्याने जिग तोंडात धरून वर उचललं. कधी नुसती एक टिचकी लागते. कधी काहीच नाही, फक्त पुढची उचल जड लागते. म्हणून प्रत्येक उचल अशी करावी की मासा असलाच तर गरी बसेल. मुद्दाम वेगळा हिसका द्यायला गेलात की मऊ ओठ फाटतो.

इथून तुमचा सुटणाऱ्या माशांचा प्रश्न. कोकनीचं तोंड खरोखर कागदासारखं पातळ असतं, हे एक कारण. दुसरं कारण जिगच्या वजनात आहे. गरी आणि धातूचा तुकडा एकमेकांना घट्ट जोडलेले असतात. मासा पृष्ठभागाजवळ गरागरा फिरतो, डोकं झाडतो, आणि ते लटकतं वजन तरफेसारखं गरीला ओठातून उखडून काढतं. दोन औंस म्हणजे तरफ आणखी मोठी. यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे बझ बॉम्बसारखं जिग, ज्याच्या पोटातून दोरी आरपार जाते आणि गरी खाली वेगळी असते. मासा लागला की धातूचा भाग दोरीवरून वर सरकतो आणि माशाला झाडायला वजनच उरत नाही. पडतानाची त्याची गिरकीही छान असते. दुसरा उपाय, नेहमीच्या जिगवरची जाड तिहेरी गरी काढून पातळ तारेची, धारदार एकेरी गरी छोट्या दोऱ्याने किंवा स्प्लिट रिंगने लावणं. एकेरी गरीने लागणारे मासे थोडे कमी होतात, पण लागलेला मासा बोटीत येण्याचं प्रमाण माझ्या मते बरंच सुधारतं. गरीची धार नखावर तपासा. नखावरून घसरली तर ती बदला.

बाकी सावधगिरी साधीच. रीळचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटण्याला असलेला अडसर, सैल ठेवा, इतका की मासा धावला तर दोरी देईल. वर ओढताना थांबू नका, एकसारखं गुंडाळत राहा. मासा दिसला की त्याचं डोकं पाण्याबाहेर उचलून ‘केवढा आहे’ ते बघायचा मोह आवरा, सर्वांत जास्त मासे तिथेच जातात. जाळी आधीच पाण्यात बुडवून ठेवा आणि मासा तिच्यावरून ओढून आणा. मासा उचलून जाळीत टाकायला जाऊ नका.

दोघे असाल तर एक युक्ती फार उपयोगी पडते. एकाला मासा लागला की दुसऱ्याने आपलं जिग वर काढायचं नाही. लागलेल्या माशामुळे थव्यात खळबळ होते, बाकीचे मासे त्याच्याबरोबर वर येतात. खाली काहीतरी चमकत राहिलं तर थवा टिकतो. दोन्ही जिगं एकदम वर आली की थवा बरेचदा निघून जातो.

गरीवर पांढऱ्या मक्याचा एक दाणा लावणारे पुष्कळ आहेत, डब्यातला बारीक ‘शू-पेग’ मका, त्याला ट्यूनाचं तेल किंवा लसणाचा वास दिलेला. मासे सुस्त असतील तेव्हा मीही लावतो. एकच दाणा. जास्त लावले तर जिगची चाल बिघडते. मूठभर मका पाण्यात फेकून मासे बोलावण्याला कित्येक ठिकाणी बंदी आहे, त्या फंदात पडू नका.

नियमांचं: ओडेलवर कोकनीची दैनिक मर्यादा ट्राउटपेक्षा सैल असते, पण नेमका आकडा त्या वर्षाच्या ओरेगनच्या नियमपुस्तिकेतच बघा. 12 वर्षं आणि वरच्या प्रत्येकाला परवाना लागतो. तलावात बुल ट्राउट आहे, ती संरक्षित आहे, लागली तर पाण्यातच गरी काढून सोडायची. ओळख सोपी आहे, तिच्या पाठीवरच्या पराला काळे ठिपके नसतात. ट्रॅपर क्रीकच्या मुखाजवळ तिच्यासाठीच वेगळे निर्बंध असतात. आणि सिएटलकडची मंडळी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: रेडमंड-बेलव्ह्यूच्या अगदी दारातल्या लेक सामामिशमध्ये कोकनी आहे, पण ती तिथली मूळची, घटत गेलेली जात. ती पकडून ठेवायची नसते. त्यांच्यासाठी वॉशिंग्टन राज्यातलाच शेलान तलाव आहे.

सोडण्यावरून आठवलं. ऐंशी फुटांच्या थंड पाण्यातून, वरच्या तापलेल्या थरातून ओढून आणलेली छोटी कोकनी सोडली तरी ती जगेलच याची खात्री नसते. म्हणून उन्हाळ्यात ‘लहान सोडू, मोठे ठेवू’ हा खेळ मी खेळत नाही. येईल तो मासा ठेवायचा आणि पुरेसे झाले की थांबायचं. पकडल्याबरोबर कल्ल्याची शीर कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फ-पाण्यात टाका. उन्हात बादलीत पडलेली कोकनी तासाभरात मऊ पडते, पोटाकडून तर लवकरच. हा तेलकट, केशरी मांसाचा मासा आहे. हळद, मीठ, थोडं आगळ आणि तांदळाचं पीठ लावून तव्यावर टाकलात तर पुरे. जाड मसाल्यात त्याची चव हरवते.

सप्टेंबरात मासे लाल होऊ लागतात, नराचा जबडा वाकतो, खाणं बंद होतं. अंडी घातल्यावर ते मरतातच. त्या दिवसांत ते ओढ्यांच्या मुखांशी गर्दी करतात आणि जिगवर चवताळून येतातही, पण मांस फिकं आणि बेचव झालेलं असतं. मी तेव्हा रॉड आत ठेवतो.

तर ऑगस्ट, आणि मुलं. मुलांना जिगिंग ट्रोलिंगपेक्षा जास्त आवडतं, रॉड सतत त्यांच्याच हातात असतो. एक औंसाचं जिग द्या, दोरीवर रंगीत खूण करून ‘इथपर्यंत सोड’ एवढंच सांगा, आणि स्क्रीन त्यांना दिसेल अशी फिरवा. स्वतःच्या जिगच्या रेघेकडे मासा उठताना दिसला की मूल तासभर हलत नाही. 12 वर्षांपर्यंतच्यांना चालत्या बोटीत लाइफ जॅकेट कायद्यानेच घालावं लागतं, मोठ्यांनीही घालावं. पश्चिमेकडे पाण्यावर गडद पट्टा दिसायला लागला की मासे कितीही लागत असोत, नांगर उचलून धक्क्याकडे निघा.